‘खरी इंग्रजी एकच’ म्हणणाऱ्या मजकुराला उत्तर

‘खरी इंग्रजी फक्त इंग्लंडची’ अशा आशयाचा मजकूर पालकांच्या आणि शिक्षकांच्या गटांत वारंवार फिरतो. त्यातले म्हणणे थोडक्यात असे: शुद्ध इंग्रजी एकच आणि ती राणीची, अमेरिकनांनी ती बिघडवली, आयर्लंड, सिंगापूर, भारत येथील इंग्रजी म्हणजे अर्धवट शिकलेल्यांच्या चुका, आणि आपला उच्चार मुळापासून बदलल्याशिवाय जगात आपले कोणी ऐकून घेणार नाही. हे इतक्या ठामपणे लिहिलेले असते की वाचणाऱ्याला ते भाषाशास्त्राचे सर्वमान्य मत वाटावे. तसे ते मुळीच नाही, आणि अशा समजुतींपायी मुले वर्गात तोंड उघडायला कचरतात, म्हणून त्यातला एकेक दावा तपासणे मला आवश्यक वाटते.

आधी राणीच्या इंग्रजीविषयी. न्यूकॅसल, लिव्हरपूल आणि ब्रिस्टल या तीन शहरांतली माणसे एकाच देशात राहूनही तीन वेगळ्या धाटणीची इंग्रजी बोलतात. शब्दकोशांत दाखवला जाणारा ब्रिटिश उच्चार हा कोणत्या प्रांताचा नसून एका वर्गाचा आहे. महागड्या निवासी शाळांत तो रुजला, आणि ध्वनिशास्त्रज्ञ डॅनियल जोन्स यांनी १९१७च्या आपल्या उच्चारकोशात त्याला त्या शाळांवरूनच नाव दिले होते. ब्रिटनमधले थोडेच लोक तो बोलतात. शिवाय तोही स्थिर नाही. ध्वनिशास्त्रज्ञ जोनाथन हॅरिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राणी एलिझाबेथ यांची १९५० आणि १९८०च्या दशकांतली नाताळची भाषणे ध्वनिमापनाने ताडून पाहिली, तेव्हा त्यांचे स्वर सामान्य दक्षिण इंग्लंडमधल्या बोलण्याकडे सरकलेले आढळले. हा अभ्यास २००० साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या इंग्रजीला राणीचे नाव देऊन अढळ मानले जाते, ती खुद्द राणीच्या तोंडीही तशीच राहिली नव्हती.

‘अमेरिकनांनी इंग्रजी बिघडवली’ हा दावा तर इतिहासाच्या उलट जातो. ‘कार’, ‘हार्ड’ अशा शब्दांतला र सतराव्या शतकात, म्हणजे इंग्रज अमेरिकेत वसाहती करू लागले त्या काळात, इंग्लंडमध्ये बहुतेक सर्वत्र उच्चारला जाई. लंडनच्या बाजूला तो मुख्यतः अठराव्या शतकात गळत गेला. जॉन वॉकर यांनी १७९१च्या उच्चारकोशात लंडनमधला हा र क्षीण झाल्याची नोंद केली आहे. अमेरिकेच्या बहुतेक भागाने तो टिकवला, तसाच तो स्कॉटलंड आणि आयर्लंडमध्येही टिकला. ‘बाथ’, ‘क्लास’ यांतला दीर्घ आ हीदेखील दक्षिण इंग्लंडमधली नंतरची घडण आहे. उत्तर इंग्लंड आणि अमेरिका येथे तो ऱ्हस्वच राहिला. ‘गॉटन’ हे रूप आणि पानगळीच्या ऋतूचे ‘फॉल’ हे नाव, ही दोन्ही इंग्लंडमधूनच अमेरिकेला गेली. अर्थात अमेरिकेतही बदल झाले. ‘वॉटर’मधला ट तिथे ड किंवा र यांच्या जवळ जाऊन पोचला आहे. दोन्हीकडे काही टिकले आणि काही बदलले. आपण मराठीत ‘क्लास’ दक्षिण इंग्लंडसारखा म्हणतो, पण ‘कार’मधला र खणखणीत उच्चारतो, हेही इथे लक्षात घ्यावे.

आयर्लंडच्या इंग्रजीला चुकांचे गाठोडे म्हणणाऱ्यांनी तिचे एकच वैशिष्ट्य नीट पाहावे, आणि मराठी माणसाला ते पाहणे विशेष सोपे आहे. ‘बाबा दुकानात आहेत’ आणि ‘बाबा दुकानात असतात’ या दोन वाक्यांतला फरक आपल्याकडे लहान मूलही जाणते: पहिले आत्ताचे, दुसरे नेहमीचे. प्रमाण इंग्रजीत दोन्हींसाठी ‘इज’ हेच क्रियापद वापरावे लागते आणि ‘युज्वली’सारखा शब्द जोडून अर्थ स्पष्ट करावा लागतो. आयरिश भाषेत मात्र मराठीप्रमाणेच दोन वेगळी क्रियारूपे आहेत. ती भाषा बोलणारा समाज इंग्रजीकडे वळला तेव्हा हा भेद त्याने सोडला नाही, आणि ग्रामीण आयर्लंडमध्ये ‘ही डझ बी वर्किंग’ अशी सवय सांगणारी रचना रूढ झाली. ‘आय अ‍ॅम आफ्टर ईटिंग’ म्हणजे ‘मी नुकताच जेवलो आहे’. हीसुद्धा आयरिश वाक्यरचनेवर बेतलेली आहे. या रचना कुठे वापरायच्या आणि कुठे नाहीत, याचे नियम आहेत. वऱ्हाडीतले ‘जेवून राहिलो’ हे जसे ‘जेवतो आहे’ याचे बिघडलेले रूप नव्हे, तसेच हे. सिंगापूरमध्ये ‘आय ईट ऑलरेडी’मधला ‘ऑलरेडी’ चिनी भाषांतल्या पूर्णत्वदर्शक, म्हणजे क्रिया पूर्ण झाली हे सांगणाऱ्या, शब्दाचे काम करतो. तिथल्या सरकारने २००० साली ‘चांगली इंग्रजी बोला’ अशी मोहीम काढली, तरी लोकांनी ती बोली सोडलेली नाही.

आता भारत. इथे मजकुरात एक अर्धसत्य आहे. शिकणाऱ्याच्या चुका असतात आणि त्या दुरुस्त करायलाच हव्यात. मात्र जी रचना सुशिक्षित लोकही सातत्याने वापरतात, जी एकमेकांना अचूक कळते आणि पुढच्या पिढीकडे जाते, ती चूक न राहता तिथल्या इंग्रजीचे लक्षण होते. ‘कझिन ब्रदर’ म्हणणाऱ्याला ‘कझिन’चा अर्थ ठाऊक असतो, भाऊ की बहीण हे न सांगता नाते सांगणे, हे चुलत, मामे, आते, मावस असे भेद करणाऱ्या समाजाला अपुरे वाटते. ‘आय अ‍ॅम हिअर ओन्ली’ यातला ‘ओन्ली’ हा आपला ‘च’ आहे. ‘डू द नीडफुल’ची तर आपण उगाच लाज बाळगतो, तो ब्रिटिश कचेऱ्यांचाच जुना वाक्प्रचार आहे, तिकडे मागे पडला आणि इकडे टिकला. २०११च्या जनगणनेत इंग्रजी ही मातृभाषा नोंदवणारे सुमारे २.६ लाख भारतीय होते, आणि त्यांतले सर्वाधिक, एक लाखाहून जास्त, महाराष्ट्रातले होते. त्यांच्या घरातली इंग्रजी ही कोणाची अर्धवट नक्कल आहे, असे म्हणायला काही आधार नाही.

राहिला उच्चार. ‘टेबल’ आणि ‘डॉक्टर’ यांतले आपले मूर्धन्य ट-ड किंवा ‘थिंक’मधला दंत्य थ यांमुळे सहसा कोणाचे काही अडत नाही, आयर्लंडमध्येही ‘थिंक’ अनेकदा दंत्य त लावूनच उच्चारतात. ‘व्हॅन’ आणि ‘वन’ यांच्या आरंभीचे ध्वनी वेगळे आहेत, हे तर मराठी लेखनाने व्ह आणि व वापरून केव्हाच मान्य केले आहे. ऐकणाऱ्याचा गोंधळ होतो तो बहुतांशी आघातामुळे, म्हणजे शब्दातल्या कोणत्या अक्षरावर जोर दिला यामुळे. मराठीत आघात बदलल्याने अर्थ बदलत नाही, म्हणून आपले तिकडे लक्ष जात नाही, पण इंग्रजीत ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या अक्षरावर असतो आणि ‘फोटोग्राफर’मध्ये तो दुसऱ्यावर सरकतो. ‘डेव्हलप’मध्येही तो दुसऱ्या अक्षरावर आहे, ‘डे’वर नाही. एवढे वर्गात सावकाश, न हिणवता शिकवता येते, आणि त्यासाठी मुलाला लंडनचा आवाज काढायला लावण्याची गरज नाही.