हँगचा इलाज फक्त रॅम नव्हे

इंदुरातल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: व्हिडिओ एडिटिंग किंवा गेम चालू असताना कॉम्प्युटर हँग झाला की रॅम, म्हणजे चालू कामासाठीची तात्पुरती मेमरी, दुप्पट करा. हे अर्धंच खरं.

रॅम कमी पडली तर मशीन आधी रखडतं. टास्क मॅनेजरमध्ये (चालू कामांचा भार दाखवणारी विंडोजमधली खिडकी) मेमरी जवळपास भरलेली, डिस्क सतत राबताना दिसते. पण माउसचा बाणही जागीच थिजला, आवाज एकाच सुरावर अडकला, तर संशय घ्यायचा तो उष्णता, पॉवर सप्लाय (मशीनला वीज पुरवणारा भाग), ग्राफिक्स ड्रायव्हर (ग्राफिक्स कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) किंवा बिघडलेल्या रॅमवर. मे महिन्यात इथे पारा 40च्या पुढे, त्यात कॅबिनेट भिंतीला चिकटवलेलं आणि पंख्यावर धुळीची गादी!

मेसेजमधला दुसरा दावा तर सरळ चुकीचा: इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, ‘कर्नल-पॉवर 41’ दिसलं म्हणजे पॉवर सप्लाय गेला. ती नोंद एवढंच सांगते, की मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं. हँग झाल्यावर तुम्हीच बटण दाबून बंद केलंत, तरी ती येते.

आधी धूळ काढा, कामाच्या भरात तापमान किती चढतं ते बघा, विंडोजमधलं रॅम तपासणारं मेमरी डायग्नोस्टिक चालवा. याला पैसे पडत नाहीत. रॅम विकत घ्यायची की नाही, ते नंतर.