गिऱ्हाईक राजा, हात पुढं कर

कोल्हापुरात टॅटू काढायला कधीही एकट्यानं जाऊ नये. एकटा गेलेला माणूस दुखलं तरी गप्प बसतो, भाव ऐकून मान डोलावतो, काम झालं की पैसे देऊन घरी जातो. असल्या गिऱ्हाइकांनीच धंदेवाल्यांना वाईट सवयी लावल्यात. तुम्ही तालमीतली निदान पाच-सहा पोरं बरोबर घ्या. एकाला खाली गाडीवर बसवा, अधूनमधून हॉर्न मारायला. एकानं आल्याआल्या एसी सोळावर न्यायचा. एकानं तुमच्या कोपराला टेकून दर दोन मिनिटांनी "दुखतंय काय रं?" एवढंच विचारत राहायचं. आणि त्यातला जो सगळ्यात जाणकार, म्हणजे ज्याच्या मेहुण्याचं सांगलीत फ्लेक्सचं दुकान आहे, त्यानं टॅटूवाल्याच्या खांद्यावरनं वाकून म्हणायचं, "मालक, ती रेघ जरा वाकडी वाटतीया." रेघ तोवर सरळ असेल तर त्यानंतर राहत नाही.

अकराची वेळ घेतली असेल तर साडेबाराला पोचावं. मधे फोन आला तर उचलू नये. पोचल्यावर "मिरजकर तिकटीला लई ट्रॅफिक" म्हणावं. तुम्ही राजारामपुरीत राहता आणि दुकानही राजारामपुरीतच आहे, ही गोष्ट तुमच्या तोंडून निघू नये.

पोटाचं म्हणाल, तर टॅटूवाले आधीच बजावतात: नीट जेवून या, झोप काढून या, आदल्या रात्री घेऊ नका, दारूनं रक्त जास्त येतं आणि शाई बसत नाही. हे सगळं पुण्या-मुंबईच्या नाजूक माणसांसाठी. आपल्याला दोन मार्ग मोकळे आहेत. एक म्हणजे रात्री तांबडा-पांढऱ्याची पार्टी आणि तिच्याबरोबर जे काय असतं ते करून, तसंच थेट खुर्चीत येऊन बसायचं. दुसरा त्याहून थोर. नवरात्रात निर्जळी उपास धरायचा आणि सातव्या माळेला अंबाबाई गोंदवायला जायचं. रिकाम्या पोटी साखर उतरते, तिसऱ्या रेघेला डोळ्यांपुढं अंधारी येते आणि नव्वद किलोचा गडी शाळकरी पोरासारखा कलंडतो. शुद्धीवर आल्यावर उपासाचं नाव काढू नये. "मशीन लई पॉवरचं हाय तुझं," असं ठणकावून सांगावं.

आता भाव. टॅटूवाला इंचावर किंवा तासावर भाव सांगतो. सांगितल्या आकड्यावर मनापासून हसावं. मग पोरांकडं बघून पुन्हा हसावं. "आमच्या गल्लीतला पोरगा पाचशेत करतोय" हे वाक्य तयार ठेवावं. तो पोरगा कोण, मशीन कुठून आणलं, शिकला कुठं, असले प्रश्न टॅटूवाल्यानं विचारायचे नसतात. पाचशेत होत असताना तुम्ही इथं का आलात, हे तर अजिबातच नाही. त्यानं "चार तास लागतील" म्हटलं की तुम्ही "मशीनच करतंय की सगळं, तू फक्त धरून बसतोस" असं म्हणा. जमलं तर इतिहासही टाका. विजेवर चालणाऱ्या टॅटू मशीनचं पेटंट न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओ'रायलीनं १८९१ साली घेतलं, तेही एडिसनच्या विजेच्या पेनावरून. म्हणजे माल सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वीचा, आणि भाव मात्र आजचा? यावर त्याला उत्तर सुचत नाही. सुई कातडीचा वरचा थर ओलांडून, पण एकूण जेमतेम दीड-दोन मिलिमीटरच आत उतरवायची असते. वर राहिली तर शाई खपलीबरोबर निघून जाते, खोल गेली तर रेघेभोवती निळी साय पसरते. तेवढ्या अंतरात हात चार तास स्थिर ठेवायला तो शिकला. पण त्याचे पैसे तुम्ही का द्यायचे? तुम्ही शिकायला सांगितलं होतं काय?

शेवटी त्यानं वैतागून दोनशे कमी केले, की लगेच "आणि वर एक बारका स्टार टाक, मैत्रीत" म्हणावं. मैत्री त्या क्षणापासून सुरू होते आणि पैसे देताना संपते.

डिझाइनच्या बाबतीत कोल्हापूरकराला कुणी काही सांगू नये. तरी सांगतो. छत्रपतींची राजमुद्रा काढायची असेल तर पूर्ण काढावी. 'प्रतिपच्चंद्रलेखेव'पासून 'भद्राय राजते'पर्यंत बत्तीस अक्षरं, आणि तीही दोन रुपयांच्या नाण्याएवढ्या जागेत, मनगटावर. टॅटूवाला हात जोडून सांगेल, की दादा, शाई वर्षागणिक कातडीत थोडी फुगते, एवढी बारीक अक्षरं पाच-सात वर्षांत एकमेकांत मिसळतील, दंडावर मोठी काढू. ऐकू नये. दंडावर काढली तर शर्टाखाली झाकली जाते, आणि झाकलेली निष्ठा कुणाला दिसणार? पुढं ती अक्षरं मिसळून मनगटावर काळी टिकली उरली, तर लोकांना सांगता येतं की हीच मुद्रा आहे, श्रद्धा असेल त्याला वाचता येते.

फोटो द्यायचा तो व्हॉट्सअ‍ॅपवर निदान चाळीस ग्रुप फिरून आलेला द्यावा. आईचा चेहरा काढायचा असेल तर लग्नाच्या पंगतीतला फोटो उत्तम. त्यात आई मागच्या रांगेत असते आणि तिच्या अर्ध्या चेहऱ्यापुढं वाढप्याचा हात असतो. "हात काढून टाक आणि आईला जरा हसव," एवढं सांगितलं की तुमचं काम संपलं.

मराठी मजकूर असेल तर तो तपासण्याच्या भानगडीत पडू नये. बऱ्याच डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये आपली अक्षरं टाकली की ह्रस्व वेलांटी उडी मारून भलत्या अक्षरावर जाते, जोडाक्षरं सुटी होऊन पाय मोडून बसतात. भला टॅटूवाला जांभळा स्टेन्सिल, म्हणजे डिझाइनचा कच्चा ठसा, आधी हातावर उमटवतो आणि "नीट वाचा, एकेक अक्षर वाचा" म्हणून मागं लागतो. तुम्ही त्या वेळी रील बघत असावं. "ठीकाय, चालू दे." फार आग्रह केला तर भिंतीवरच्या आरशात बघावं आणि "उलटी आल्यात अक्षरं!" म्हणून ओरडावं. बरोबरच्या पोरांपैकी तिघंजण लगेच दुजोरा देतात. आरशात सगळंच उलटं दिसतं हे समजावण्यात टॅटूवाल्याची पंधरा मिनिटं जातात, आणि त्या गडबडीत 'शिवभक्त'चं 'शविभक्त' झालंय तिकडं कुणाचंच लक्ष जात नाही. ते जातं गल्लीतल्या मास्तरांचं, गणपतीच्या मिरवणुकीत, हलगी ऐन रंगात असताना.

स्वच्छतेबद्दल विचारणं म्हणजे समोरच्यावर अविश्वास दाखवणं. सुईचं सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फोडलं का, मुदतीची तारीख बघितली का, शाई बाटलीतनं नव्या टोपणात ओतून घेतली का, मोबाईल हातात घेतल्यावर हातमोजे बदलले का, असल्या चौकशा कोल्हापुरी माणसाला शोभत नाहीत. तुम्ही फक्त सोफा गुबगुबीत आहे का आणि वायफायचा पासवर्ड काय, एवढं बघा. सुई एकाची दुसऱ्याला वापरली तर कावीळ ब, कावीळ क, एचआयव्ही असं काय काय जाऊ शकतं, हे कुणी सांगू लागलं तर आजी पुढं करावी. "माझ्या आजीनं जोतिबाच्या यात्रेत गोंदवून घेतलं हुतं, एकाच सुईनं अख्खी वाडी गोंदवली, कुणाला काय झालं?" वाडीतल्या कुणाला काय झालं ते तेव्हा कुणी तपासलंच नव्हतं, ही या युक्तिवादाची खरी ताकद.

याउलट, जो टॅटूवाला तुमच्यासमोर सगळं पुसतो, मशीनला आणि वायरीला प्लास्टिक गुंडाळतो, वापरलेली सुई वेगळ्या डब्यात टाकतो आणि अठरा वर्षं झाल्याचा पुरावा मागतो, तो दुकानदार माजलाय असं समजावं आणि गूगलवर एक तारा द्यावा.

सुई लागल्यावर हलावं. बरगडीवर किंवा घोट्यावर काढत असाल तर जास्त हलावं. शिंक दाबून धरू नये. व्हिडिओ कॉल घ्यावा, तोही ज्या हातावर काम चाललंय त्याच हातानं.

काम झालं की टॅटूवाला कागद देतो: दोन-तीन आठवडे पोहायचं नाही, ऊन टाळायचं, खपली खरवडायची नाही, साध्या साबणानं धुवायचं. तो कागद गाडी पुसायला बरा. ताजा टॅटू ही उघडी जखम असते असं तो सांगतो, पण जखमेला घाबरणारे आपण नव्हे. दुसऱ्या दिवशी पहाटे तालमीत उतरावं आणि तांबड्या मातीत दोन डाव जोड करावी. त्या मातीत हळद आहे, ताक आहे, लिंबू आहे, आणि तुमच्या आधी लोळलेल्या साऱ्या पैलवानांचा घाम आहे. सगळं औषधीच. तिथनं थेट पंचगंगेत उडी. ऐन चैत्र असेल तर जोतिबाला जाऊन वर मूठभर गुलाल चोळावा. आठवड्यानं हात सुजला, पू आला, की डॉक्टरकडं जायच्या आधी टॅटूवाल्याकडं जावं. "रंग कच्चा वापरलास."

भरतीची तयारी करणाऱ्या पोरांनी मानेवर काढावा. सैन्याचे नियम सर्वसाधारण उमेदवाराला कोपरापासून मनगटापर्यंत हाताची आतली बाजू आणि तळहाताची मागची बाजू एवढीच जागा देतात, पण ते वाचायला कुणाला वेळ आहे? टेंबलाईवाडीला भरतीच्या रांगेत उभं राहून सोळाशे मीटर फेस येईपर्यंत पळावं, आणि मग मेडिकलला साहेबांनी कॉलर खाली ओढली की कळेलच. रक्तदान शिबिराचंही तसंच. टॅटूनंतर बारा महिने रक्त देता येत नाही, म्हणजे टॅटू शिवजयंतीच्या आदल्या आठवड्यात काढावा आणि मंडळाच्या शिबिरात पहिल्या खाटेवर जाऊन पडावं. फॉर्मवर 'नाही' लिहायचं आणि बाही खाली ओढायची. ते रक्त ज्याला चढेल त्याच्याशी आपली ओळख थोडीच आहे.

राहता राहिलं नाव. सहा महिन्यांच्या ओळखीवर पोरीचं नाव छातीवर, मोठ्या अक्षरात, खाली तारखेसकट. टॅटूवाला विचारेल, "दादा, नक्की ना?" त्याला त्याच्या कामाशी काम ठेवायला सांगावं. पुढं घरच्यांनी कागलची स्थळं बघितली आणि त्यातलं एक जमलं, की परत त्याच खुर्चीत येऊन बसावं. लेझरनं नाव पुसायला बऱ्याच बैठका लागतात, दोन बैठकांत दीड-दोन महिन्यांचं अंतर असतं, खर्च मूळ टॅटूच्या कितीतरी पट, आणि लग्न तर तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्याच मुहूर्तावर. म्हणजे त्या नावावर गरुड किंवा वाघ बसवणं आलं. टॅटूवाला जुन्या रेघा चाचपून भाव सांगेल. तो नव्या कामापेक्षा जास्तच असतो, कारण खालचं झाकायला वरचं मोठं आणि गडद लागतं.

इथं मात्र ठाम राहा. गुजरीतल्या सराफाकडं जुनं सोनं दिलं की मोड धरतात, वजन करून पैसे वजा करतात. तुमच्या छातीवर आधीची शाई आहेच की, आणि तीही त्याच्याच दुकानची. तेवढी वजा करायला सांगा.