फोन आला नाही म्हणजे जवान घर विसरला असं नसतंय

सध्या सोलापुरातल्या बऱ्याच ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. आता सियाचीनलापण फाइव्ह जी आहे, जवान रोज घरी व्हिडिओ कॉल करतात, आर्मीचं पोस्टखातं नुसतं नावाला राहिलंय, आणि एवढं असून ज्याचा फोन येत नाही त्याला घरच्यांची पडलेलीच नाही. वर सल्ला असा की घरच्यांनी पोस्टिंगचं ठिकाण अभिमानानं स्टेटसला टाकावं. माझे मिस्टर फौजेत आहेत, सध्या फॉरवर्डला, म्हणजे सीमेजवळच्या पुढच्या चौकीवर, त्यामुळं हे वाचून गप्प बसवत नाही.

टॉवरचं खरंय आणि चांगलंच झालंय. ऑक्टोबर 2023 ला बीएसएनएलनं तिथं साडेपंधरा हजार फुटांच्या वर टॉवर उभा केला, जानेवारी 2025 ला जिओपण पोचलं. पण नुसती सियाचीनची हिमनदीच जवळजवळ 76 किलोमीटर लांब आहे, पाकिस्तानकडची ताबारेषा म्हणजे एलओसी 740 किलोमीटर, चीनकडची एलएसी 3488, आणि सगळा डोंगर, कड्याच्या अलीकडं रेंज आणि पलीकडं काहीच नाही. थंडीत बॅटरी बघता बघता उतरते ते वेगळंच. आणि रेंज असली तरी मोबाइल कधी वापरायचा ते युनिट ठरवतंय, जवान नाही.

मग रोजचा व्हिडिओ कॉल कुठनं येणार? जिथं मोबाइल चालत नाही तिथं सॅटेलाइट फोन असतोय. 2017 च्या दिवाळीला सरकारनं त्याचा दर मिनिटाला 5 रुपयांवरनं 1 रुपयावर आणला, महिन्याचे 500 रुपयेपण माफ केले, लई मोठा आधार झाला तो. पण फोन एक आणि बोलणारे कितीतरी. त्यात आवाज 36 हजार किलोमीटर वर सॅटेलाइटपर्यंत जाऊन खाली येतो, म्हणजे आपण “जेवलास का” विचारलं की क्षणभर काहीच येत नाही, आपल्याला वाटतं ऐकूच गेलं नाही म्हणून परत विचारतो आणि नेमकं तेव्हाच तिकडनं उत्तर येतं, दोघांचंही अर्धं बोलणं वाया. सासूबाईंनी आता सवय लावून घेतलीय, एक वाक्य बोलायचं आणि थांबायचं. नंबर अनोळखी दिसतो म्हणून आमच्याकडं कुठलाच कॉल कट करत नाहीत, लोनवाल्यांचे असले तरी उचलायचे. सासूबाई अंघोळीला जाताना फोन माझ्या हातात देऊन जातात.

पोस्ट नावाला राहिलंय हे तर साफ खोटं. आर्मी पोस्टल सर्व्हिसची वेगळी कोअर 1 मार्च 1972 ला झाली, तिचं ट्रेनिंग सेंटर आपल्याच महाराष्ट्रात, कामठीला. पत्त्यात गाव नसतं, नंबर, रँक, नाव, युनिट आणि 56 एपीओ नाहीतर 99 एपीओ (एपीओ म्हणजे आर्मीचं पोस्ट ऑफिस), बास. पुढं कुठं जायचं ते त्यांचं ते बघतात. राखी, बँकेची कागदं, आमची कडक भाकरी आणि शेंगा चटणी, सगळं तसंच जातं. निवडणुकीत मतपत्रिका जवानांना ऑनलाइन पाठवतात पण मत देऊन परत यायची ती पोस्टानंच. आणि फोनवर मागं माणसं उभी असताना जे बोलता येत नाही ते कागदावर लिहितात. मिस्टरांची पत्रं मी कपाटात ठेवलीत, ती कुणाला दाखवणार नाही.

स्टेटसचा सल्ला मात्र धोक्याचा आहे, तो कृपा करून कुणी ऐकू नका. पत्त्यात गाव का नसतं ते जरा डोक्यात घ्या, जवान कुठं आहे ते कुणाला कळू नये म्हणूनच. जुलै 2020 मध्ये आर्मीनं जवानांना 89 अ‍ॅप काढायला लावली, फेसबुक आणि इन्स्टाग्रामपण त्यात होतं. तिकडं त्यांनी एवढं पाळायचं आणि इकडं आपण गावाच्या नावासकट फोटो टाकायचा? आमचे हे कुठं आहेत ते मलाही नीट माहीत नसतं आणि मी विचारतही नाही.

राहिलं ते “घरच्यांची पडलेली नाही”. मे 2025 ला ऑपरेशन सिंदूरच्या वेळी चॅनेलवाल्यांना लाइव्ह दाखवू नका असं संरक्षण मंत्रालयानं सांगितलेलं आठवतंय ना, अशा वेळी जवान घरी फोन करून काय सांगणार? तेव्हा आमच्याकडं त्यांचा फोन येणं बंदच होतं आणि शेजारच्या बाई दारात उभं राहून हाच मेसेज वाचल्यासारखं विचारत होत्या, अजून नाही का आला फोन, विसरले की काय. सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. ज्यांनी ज्यांनी हा मेसेज पुढं पाठवलाय त्यांनी तो आजच्या आज डिलीट करा, आणि फौजीच्या घरी गेलात तर फोन आला का हे विचारू नका, गॅसचा नंबर लावायचाय का, दवाखान्यात जायचंय का, ते विचारा.