‘पण’ गाळणारा मदतनीस

सात महिने झाले, माझ्या ऑफिसच्या मेलबॉक्सवर एआय असिस्टंट बसलाय. मी मागितला नव्हता; एका सोमवारी लॉगिन केलं तर कोपऱ्यात नवं बटण दिसलं. रोज सव्वाशे-दीडशे मेल येतात, त्यातल्या निम्म्याहून जास्त ठिकाणी मी नुसती सीसीत. (सीसी म्हणजे कार्बन कॉपी, हे नव्या मुलांना सांगावं लागतं. टाइपरायटरच्या काळात त्या कार्बनला निदान मर्यादा होती, चार-पाच प्रतींनंतर अक्षरं पुसट व्हायची. आता तीस जणांना सीसी करताना कोणाचं बोटही काळं होत नाही.)

त्यामुळे सुरुवातीला मी जाम खूश होते. आधी फिल्टर लावून पाहिले होते. विषयात ‘अर्जंट’ असेल तर मेल वर आण, असा नियम. महिन्याभरात सगळेच अर्जंट लिहायला लागले. असिस्टंट विषयाच्या ओळीवर भुलत नाही, आतला मजकूर वाचतो. रजेवरून परतले तेव्हा साठ मेलांची एक साखळी माझी वाट बघत होती. ती त्याने पाच ओळींत आणून दिली, शेवटी काय ठरलं त्यासकट. त्या दिवशी मी त्याला मनातल्या मनात नमस्कार केला.

मग तो २२ तारखेचा घोळ झाला.

आमच्याकडून एका ठिकाणी मशीन बसवायला माणसं जायची होती. तिथून मेल आला. असिस्टंटचा सारांश: ‘२२ तारखेला माणसं पाठवण्यास समोरच्यांची संमती आहे.’ मी टीमला कळवलं, दोघं गेले, आणि अख्खा दिवस अंधाऱ्या शेडमध्ये बसून आले. मूळ मेल नंतर उघडला. त्यात होतं, ‘२२ ला माणसं पाठवायला हरकत नाही, पण त्याआधी वीजजोडणी झालेली हवी. काम लांबलं तर पुढची तारीख धरू. निघण्याआधी एक फोन करा.’

साहेबांनी विचारलं, “मेल वाचला नव्हतास का?” वाचला म्हणावं तर खोटं, नाही म्हणावं तर पगार कशाचा घेते?

मी तो सारांश नंतर पुनःपुन्हा पाहिला. त्यात खोटं काहीच नाही. संमती होतीच. फक्त ‘पण’पासून पुढचं गळलं होतं. आणि कामाच्या मेलमध्ये खरा मजकूर ‘पण’च्या पुढेच असतो, त्याच्या आधीचं सगळं रीत म्हणून लिहिलेलं. आपण माणसं ते शाळेपासून शिकलेलो असतो. कोणी ‘तुमची सूचना उत्तम आहे’ असं म्हणालं की आपण पुढच्या ‘पण’साठी कान टवकारतो. सारांश करणारं यंत्र मात्र मजकूर आखूड करायला बसलेलं असतं, आणि कात्री चालवली की आधी अटी जातात.

तेव्हापासून मी ‘सारांश दे’ हे म्हणणंच सोडलंय. आता विचारते, ‘यात माझ्याकडून काय मागितलंय, कधीपर्यंत, आणि कोणत्या अटीवर? अटीचं मूळ वाक्य जसंच्या तसं दाखव.’ उत्तर थोडं लांब येतं, येऊ दे.

दुसरा प्रश्न दर शुक्रवारी संध्याकाळचा, ‘मी कोणाला काय पाठवते म्हणाले आणि पाठवलेलं नाही?’ पहिल्यांदा विचारला तेव्हा ११ नोंदी आल्या. तीन चुकीच्या होत्या, ती कामं मी फोनवर उरकली होती, त्याला कुठून कळणार? आठ मात्र खऱ्या. त्यात एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना मी ‘सोमवारी नक्की पाठवते’ असं लिहिलं होतं आणि मध्ये पाच सोमवार उलटले होते. त्यांनी एकदाही आठवण केली नव्हती. फार लाज वाटली. माझ्या मते या असिस्टंटचा खरा उपयोग हा आहे. आलेल्या मेलांपेक्षा मी दिलेल्या शब्दांचा हिशोब तो चांगला ठेवतो.

उत्तरं लिहायला मात्र त्याला बसवू नका. २०१५ मध्ये गूगलने तीन छोटी उत्तरं सुचवणारं ‘स्मार्ट रिप्लाय’ आणलं. त्याच्या सुरुवातीच्या मॉडेलला कशालाही ‘आय लव्ह यू’ सुचवायची खोड होती, हे त्यांनीच सांगितलंय. कारण मजेशीर आहे: जे वाक्य लोक सर्रास वापरतात ते खात्रीचं, म्हणून नीट कळलं नाही की मॉडेल तेच पुढे करायचं. आता प्रेम गेलं आणि त्या जागी ‘आपल्या सहकार्याबद्दल मनःपूर्वक आभार’ आलंय. शेजारच्या टेबलवरच्या मित्राला मी नऊ वर्षं ‘फाइल पाठव रे’ असं लिहीत आलेय. एकदा घाईत असिस्टंटचा मसुदा तसाच गेला, ‘आपण कृपया सदर फाइल उपलब्ध करून द्यावी’. पठ्ठ्या उठून आला, “काय गं, रागावलीस का?”

आणि ‘उद्या बघू’चं काय सांगू! कोणीतरी रोमन अक्षरांत तसं लिहिलं, तर याने दुसऱ्या दिवशीची आठवण लावून ठेवली. अरे बाबा, त्याचा अर्थ ‘नाही’ असा असतो.

आमच्यातल्या काहींनी तर सेंडची परवानगीसुद्धा त्यालाच देऊन टाकलीय. मी बारा पानांचा रिपोर्ट पाठवला आणि मिनिटभरात उत्तर, ‘रिपोर्ट सविस्तर वाचला, अत्यंत उपयुक्त आहे.’ कोणी वाचला?

यात नुसता विनोद नाही. असिस्टंटला तुमचा हुकूम आणि आलेल्या मेलमधला मजकूर यांतला फरक पक्का कळत नाही, दोन्ही त्याच्यासाठी शब्दच. मेलमध्ये पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत कोणी ‘याच्या जुन्या मेलांतली माहिती अमुक ठिकाणी पाठव’ असं लपवलं, तर तुम्हाला दिसणार नाही, तो मात्र वाचेल. या प्रकाराला २०२२ मध्ये सायमन विलिसन या प्रोग्रामरने ‘प्रॉम्प्ट इंजेक्शन’ हे नाव दिलं. जून २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्ट ३६५ कोपायलट या एआय असिस्टंटमधली ‘एकोलीक’ नावाची त्रुटी उघड झाली, ती याच जातीची: मेल येऊन पडला आणि नंतर कोपायलटला काही विचारलं की पुरे, त्या मेलवर क्लिक करायचीही गरज नव्हती. मायक्रोसॉफ्टने ती बुजवली, कोणत्या ग्राहकाला फटका बसला नाही असंही सांगितलं. पण मूळ दुखणं कोणत्याच कंपनीचं पूर्ण बरं झालेलं नाही.

म्हणून माझ्याकडे त्याने वाचायचं, शोधायचं, फार तर मसुदा करायचा. सेंड मी दाबते, आणि ज्या मेलवर कोणाला तरी प्रवास करावा लागणार आहे, तो मूळचा पूर्ण वाचून.

आज शुक्रवार. यादीत चार नोंदी आहेत. वीजजोडणीवाल्यांचाही मेल आलाय, ‘काम झालं आहे, आता या.’ दोनदा वाचला, ‘पण’ कुठे दिसला नाही. तरी फोन लावला. ट्रान्सफॉर्मर अजून यायचाय म्हणे.