‘तुम्हीच ओटीपी दिला असणार’ म्हणणाऱ्यांसाठी

आज परभणीत मोंढ्याजवळच्या एका बँकेत कार्डावरून पैसे चोरीला गेल्याची तक्रार घेऊन आलेल्या निवृत्त मुख्याध्यापकांना काउंटरवरच्या साहेबानं सगळ्यांसमोर सुनावलं, "सर, ओटीपी तुम्हीच दिला असणार. आधी एफआयआर आणा, मग बघू." ज्यांच्या हाताखाली गावातल्या दोन पिढ्या शिकल्या, ते सर खाली मान घालून उभे. डोकं फिरलंय.

सरांनी ओटीपी कुणालाही दिला नव्हता. ओळखीच्या माणसाच्या नंबरवरून व्हॉट्सअपवर ‘आरटीओ चलान’ नावाची फाईल आली. नंबर ओळखीचा, कारण त्या माणसाचा फोन आधीच चोरांच्या ताब्यात गेलेला. तिथून फाईल आपोआप पुढं जाते. नावाच्या शेवटी एपीके होतं, म्हणजे ती पावती नव्हती, अ‍ॅप होतं. ते आधी प्ले स्टोअरबाहेरून इन्स्टॉल करायची परवानगी मागतं, मग एसएमएसची. एसएमएसची परवानगी दिली की ओटीपी परस्पर चोराकडं जातो. कित्येकदा तुमच्या इनबॉक्समध्ये मेसेज दिसतसुद्धा नाही. मग चलान भरायचं खोटं पान उघडतं: कार्ड नंबर, एक्सपायरी, सीव्हीव्ही (कार्डामागचे तीन आकडे).

हो, ते आकडे सरांनी टाकले. एवढं मान्य. पण म्हणून बँकेनं हात झटकायचे?

रिझर्व्ह बँकेचा ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकातून आलेला नियम काय म्हणतो ते काउंटरवर बसणाऱ्याला माहीत नसेल तर कुणाला असणार? दोष बँकेचा असेल तर ग्राहकाला एक रुपयाची तोशीस नाही. दोष दोघांचाही नसेल आणि व्यवहाराचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तरीही नाही. चार ते सात कामकाजाचे दिवस लागले तर पाच लाखांपर्यंतच्या मर्यादेच्या क्रेडिट कार्डावर जास्तीत जास्त १०,००० रुपये, त्यावरच्या कार्डावर २५,०००. आणि निष्काळजीपणा ग्राहकाचा ठरला तरी त्याच्या माथी फक्त कळवण्याआधीचं नुकसान. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेनं सोसायचं. दोष ग्राहकाचा आहे हे सिद्ध करणंही बँकेचंच काम.

सरांनी त्याच रात्री कस्टमर केअरला फोन केला होता. तक्रार क्रमांक त्यांच्या वहीत वेळेसकट लिहिलेला आहे. त्यानंतर कार्डावर आणखी दोन व्यवहार झाले. ते दोन व्यवहार सरांच्या माथी कोणत्या नियमानं मारता? हरवलेल्या कार्डाबाबत तर नियमातच आहे की कळवताक्षणी कार्ड बंद करा, एफआयआर मागाहून येऊ द्या. मग इथं एफआयआरसाठी माणसाला उन्हातान्हात का पिटाळता?

आता जरा घरच्यांशी बोलतो. लेकरांनो, आईबापावर ओरडू नका. ‘पोरगं काय म्हणेल’ या धाकानं म्हातारी माणसं दोन-दोन दिवस गप्प बसतात, आणि तेवढ्यात पैसा या खात्यातून त्या खात्यात फिरून निघून जातो. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन पहिल्या तासात गेला तर रक्कम मधेच गोठवली जाण्याची शक्यता खूप जास्त. फोन दुसऱ्याच्या मोबाईलवरून करा, कारण ज्या फोनमध्ये ते अ‍ॅप आहे त्यावर आलेला प्रत्येक मेसेज चोर वाचतोय. त्या फोनचं इंटरनेट आधी बंद करा. सिमसुद्धा काढा, कारण नेट बंद असलं तरी साध्या एसएमएसनं ओटीपी पुढं पाठवणारी अ‍ॅप्स आहेत. अ‍ॅप निघत नसेल तर फोन सेफ मोडमध्ये (यात बाहेरून टाकलेली अ‍ॅप्स चालत नाहीत) सुरू करून काढा, तरीही जमलं नाही तर फॅक्टरी रिसेट, म्हणजे फोन पूर्ण पुसून नव्यासारखा करा. सिम परत घातल्यावर ##००२# डायल करा, कुणी कॉल फॉरवर्ड लावून ठेवला असेल तर तो रद्द होतो.

आणि हे आजच करा. बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाच्या सेटिंगमध्ये जाऊन आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद करा. परदेशी साइटवर बऱ्याचदा ओटीपी लागतच नाही, नुसत्या कार्डाच्या आकड्यांवर पैसे जातात. ऑनलाइन मर्यादा दोन-तीन हजारांवर आणा, मोठी खरेदी असेल तेव्हा वाढवा. कार्ड मशीनवर नुसतं टॅप करून पैसे देण्याची सोय वापरत नसाल तर तीही बंद, कारण ५,००० रुपयांपर्यंत तिथं पिन मागत नाहीत. जरा कटकट आहे, खरंय. चलान खरंच आलंय का ते परिवहनच्या सरकारी साइटवर गाडीचा नंबर टाकून दिसतं. चलान असो, पीएम किसान, पीकविमा, अनुदान नाहीतर लग्नपत्रिका, व्हॉट्सअपवर एपीके आली की ती फसवणूकच समजा. सोयाबीनचे पैसे हातात येतात त्या दिवसांत तर जास्तच जपा.

ज्यांचे पैसे गेलेत त्यांनी बँकेला लेखी अर्ज द्या, नुसतं तोंडी नको. अर्जात प्रत्येक व्यवहाराची वेळ आणि रक्कम, तुम्ही कळवल्याची वेळ, तक्रार क्रमांक. पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. ग्राहकानं न केलेला व्यवहार कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेनं रक्कम तात्पुरती जमा करायची असते आणि ९० दिवसांत निकाल लावायचा असतो. क्रेडिट कार्ड असेल तर तोवर त्या रकमेवर व्याज लावता येत नाही, बिलात लागलेलं दिसलं तर त्याचीही तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जा. त्याला फी नाही, वकील लागत नाही, ऑनलाइन अर्ज चालतो. अर्ज लिहायला अडचण येत असेल तर इनबॉक्समध्ये या, पण कार्ड नंबर किंवा ओटीपी मलाही पाठवू नका.