काका, तुमचं गांधी गेट कुणाचं?

दर वर्षी ९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनाला, नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या ग्रुपवर एक मजकूर हमखास फिरतो. गाभा असा: नागपूर भोसल्यांनी वसवलं, त्याआधी इथे नुसतं रान होतं, गोंडांना ना राज्य, ना लिपी, त्यांची चित्रं तेवढी हजारो वर्षं जुनी, आणि त्यांचं राजकारण कालपरवा बाहेरच्यांनी शिकवलेलं. यंदा तो तीनदा आला. तिसऱ्यांदा पाठवणारे काका गांधी गेटजवळ राहतात, म्हणून लिहायला बसलो.

काका, तुमचं गांधी गेट म्हणजे जुना जुम्मा दरवाजा. छिंदवाड्याजवळच्या देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने १७०२च्या सुमारास बारा वस्त्या जोडून हे शहर उभं केलं. ‘राजापूर बारसा’ हे नाव त्यावरूनच. त्यातली सीताबर्डी, सक्करदरा, फुटाळा ही नावं आपण आजही ऑटोवाल्याला सांगतो. त्याचा मुलगा चांद सुलतान याने राजधानी इथे आणली, कोट बांधला, जुम्मा तलाव केला. त्या तलावाला मग शुक्रवारी म्हणू लागले आणि पुढे गांधीसागर.

मग भोसले आले कसे? १७३९मध्ये चांद सुलतान वारला, बख्त बुलंदचा अनौरस मुलगा वली शाह याने गादी बळकावली, तेव्हा चांद सुलतानची विधवा राणी रतनकुंवर हिने वऱ्हाडातून रघुजी भोसल्यांना मदतीला बोलावलं. त्यांनी वली शाहला हटवलं, मोबदला घेतला आणि परत गेले. पुढे राजपुत्रांत भांडण लागलं, रघुजी पुन्हा आले आणि १७४३पासून राहिलेच. तरीही नावाला राजा चांद सुलतानचा मुलगा बुरहान शाहच होता. भोसल्यांनी शहर वाढवलं, त्यांचं श्रेय कुणी काढून घेत नाही. पण इथे राज्यच नव्हतं, तर रघुजींना बोलावलं कुणी?

बख्त बुलंद मुसलमान झाला, सबब तो गोंड नव्हे, असं एक पोटकलमही मजकुरात आहे. औरंगजेबाच्या दरबारी त्याने इस्लाम स्वीकारला, हे खरं. महालातल्या त्याच्या वंशजांना मात्र लोक आजतागायत गोंडराजेच म्हणतात.

लिपीचं थोडक्यात. बालाघाटच्या मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८मध्ये गोंडीसाठी लिपी तयार केली. दुसऱ्या एका लिपीतली हस्तलिखितं आदिलाबादेतल्या गुंजाळा गावात सापडली. ज्या युनिकोडमुळे तुमचा फॉरवर्ड मोबाइलवर मराठीत दिसतो, त्याच युनिकोडात या दोन्ही लिप्या २०१७ आणि २०१८मध्ये आल्या. (तसं पाहिलं तर देवनागरी तरी एकट्या मराठीची कुठे आहे?) नसण्याचीच गोष्ट काढायची तर ही काढा: २०११च्या जनगणनेत २९ लाखांवर लोकांनी गोंडी ही मातृभाषा सांगितली, आणि ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्य भाषांच्या यादीत, नाही.

शिवाय साहित्य लिपीची वाट पाहत बसत नाही. नागपुरात ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे ते मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एका परधानाच्या, म्हणजे गोंडांच्या पिढीजात गायकाच्या, तोंडून लिंगो या गोंडांच्या आद्यपुरुषाचं लांबलचक गीत टिपून घेतलं होतं. ते वारल्यावर १८६६मध्ये, गोंडी शब्द आणि इंग्रजी भाषांतरासह, ते याच नागपुरात छापलं गेलं. नंतर इथेच रिझर्व्ह बँकेत नोकरी करता करता मोतीरावण कंगाली यांनी गोंडी भाषा आणि कचारगड या गोंडांच्या तीर्थस्थानाच्या परंपरेवर आयुष्य घातलं. सिंधू लिपी गोंडीतून वाचण्याचा त्यांचा दावा मला पटत नाही. बाकीचं काम मात्र त्यामुळे खोटं ठरत नाही.

चित्रांच्या बाबतीत मजकूर उलट्या बाजूने चुकतो. घराच्या भिंतीवर काढायची नक्षी, डिग्ना, जुनी, पण ठिपक्या-रेघांनी भरलेलं कागदावरचं ‘गोंड चित्र’ हे १९८०च्या दशकातलं. पाटनगढचा परधान तरुण जनगढसिंग श्याम भोपाळच्या भारत भवन या कलाकेंद्रात आला, तिथून ते सुरू झालं. परधान पिढ्यानपिढ्या बाना हे तंतुवाद्य वाजवत गाणारे. जनगढने गाण्यातले देव कागदावर उतरवले. १९८९मध्ये त्याची चित्रं पॅरिसला लागली होती. त्याला ‘आदिम’ म्हणणं म्हणजे एका आधुनिक चित्रकाराचं नावच खोडणं.

राहिलं बाहेरून शिकवलेलं राजकारण. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गोंड गावात ग्रामसभेचे निर्णय सर्वसहमतीने होतात, एकाचाही विरोध असला तर निर्णय न घेता चर्चा चालू ठेवतात. या गावाने २००९मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. हे त्यांना कुठल्या पक्षाने शिकवलं, ते सांगा.

आणि २३ नोव्हेंबर १९९४. अनुसूचित जमातीत घ्या म्हणत गोवारी समाज विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनावर मोर्चा घेऊन आला होता. चेंगराचेंगरीत ११४ माणसं गेली, बहुतेक बायका आणि मुलं. गोवारी आणि ‘गोंड गोवारी’ वेगळे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये दिला. तो वाद वेगळा. पण लेकरं कडेवर घेऊन आलेल्या बायांना ‘शिकवून आणलेल्या’ म्हणण्याआधी बर्डीवरचा, म्हणजे सीताबर्डीचा, उड्डाणपूल आठवा. त्याचं पूर्ण नाव आदिवासी गोवारी शहीद उड्डाणपूल. ऑटोवाल्याला ते सांगून पाहा, तो विचारेल, ‘म्हणजे बर्डीचा पूल का?’