गणपती, दूध आणि भाच्याचा आयक्यू

आज दुपारी जेवताना भाच्याने आईला ऐकवलं, "आजी, रिसर्च आहे. देव मानणाऱ्यांचा आयक्यू कमी असतो."

आईची एकादशी. ती स्वतःपुरती भगर आणि दाण्याची आमटी घेऊन नुकती टेकली होती. म्हणाली, "किती मार्कांनी कमी पडतो रे?"

सगळे हसले. मीही हसले. आणि आता रात्री साडेदहाला फोन घेऊन चिडत बसलेय. कार्टं इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, वाक्य रीलमधून उचललेलं असणार. पण सूर कुठून उचलला ते मला बरोबर कळलं. माझ्याकडून. लहानपणापासून तो मावशीला हेच बोलताना ऐकतोय.

मी देव मानत नाही हे इथल्या कुणाला नव्याने सांगायला नको. तुम्हीही बहुतेक त्याच पंथातले. (पंथ म्हटलं म्हणून चिडू नका.) पण देव न मानणं म्हणजे आपण चार पायऱ्या वर उभे आहोत, ही जी आपली खात्री असते ना, तिचा आज मला वीट आला.

माझ्या जुन्या मित्रमैत्रिणींनी ही गोष्ट दहा वेळा ऐकली असेल, तरी सांगते. २१ सप्टेंबर १९९५, गुरुवार. मी अकरावीत, कराडला. गणपती बोळवून दोन आठवडे झालेले, पितृपक्ष चालू, आणि सकाळी गल्लीत बातमी आली की गणपती दूध पितोय. दिल्लीपासून सगळीकडे पितोय. देवळापुढे रांग. रांगेत आमच्या शेजारचे सर, हातात स्टीलची वाटी आणि चमचा. हे सर आम्हाला फिजिक्स शिकवायचे. आजपर्यंत मला भेटलेला सगळ्यात तल्लख माणूस. फळ्याकडे पाठ करून गणित सोडवायचे आणि उत्तराच्या तिसऱ्या दशांशापर्यंत बरोबर असायचे. सरफेस टेन्शन त्यांनीच शिकवलेलं, काचेची बारीक नळी रंगीत पाण्यात बुडवून.

आणि आई? रोज पूजा, सोमवार, एकादशी, संकष्टी, सगळं करणारी, शाळा सातवीपर्यंत. मी म्हटलं, चल ना बघायला. ती भांडी घासता घासता म्हणाली, "तो गणपती आहे, मांजर नव्हे."

एवढंच. तीस वर्षं मी हे वाक्य मिरवतेय.

दुसऱ्या दिवशी पेपरात शास्त्रज्ञांचं म्हणणं आलं. सोंडेला टेकवलेल्या चमच्यातलं दूध सरफेस टेन्शनने ओढलं जातं आणि मूर्तीच्या अंगावरून पातळ ओघळ होऊन खाली उतरतं. दुधात रंग घालून त्यांनी तो ओघळ दाखवलासुद्धा. आमच्या सरांना हे ठाऊक नव्हतं? त्यांना आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होतं. पण त्या दिवशी अख्खा तास त्यांनी "सरफेस टेन्शन मान्य, पण त्याच दिवशी, सगळीकडे, एकदमच का?" यावर घालवला. आणि काय सुंदर घालवला! एकालाही खोडता आलं नाही. तेव्हापासून मला वाटतं की हुशारी ही वकिलासारखी असते. अशील आधीच ठरलेलं असतं. वकील जितका तयारीचा, तितकं अशील सुटायला सोपं.

आमच्या घरातलंच घ्या. ताईचं एक चांगलं स्थळ आईने मंगळापायी मोडलं. हो, त्याच आईने. तिला संत करायला मी बसलेली नाही, त्या प्रकरणात ताई वर्षभर तिच्याशी धड बोलत नव्हती. पण पत्रिका पाहिली होती कुणी? एमएस्सी मॅथ्स झालेल्या गृहस्थांनी. अंशकलांसकट तोंडी हिशोब. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर सरांनी अंधश्रद्धा निर्मूलनवाल्या नरेंद्र दाभोलकरांच्या वगैरे मदतीने ज्योतिषाची चाचणी घेतली होती, आठवतंय? शंभर हुशार मुलं, शंभर मतिमंद मुलं, आणि पत्रिका बघून कोण कुठल्या गटातलं ते सांगायचं. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. बरोबर आली ४६ टक्के, म्हणजे नाणं उडवलं असतं तरी चाललं असतं. आता त्या सत्तावीस जणांना मठ्ठ म्हणाल? पंचांगाचं गणित करून बघा एकदा, घाम फुटतो.

बरं, उलट बाजूने बघा. १९७९ चं फिजिक्सचं नोबेल तिघांत वाटलं गेलं. त्यातले अब्दुस सलाम नेमाने नमाज पढणारे, नोबेलच्या मेजवानीतल्या भाषणात कुराणातल्या ओळी सांगणारे. स्टीव्हन वाइनबर्ग पक्के नास्तिक. सिद्धांत एकच, समीकरणं तीच. कुणाचा आयक्यू कमी धरायचा ते भाच्याने सांगावं.

त्याचा तो "रिसर्च" मी संध्याकाळी शोधला. आहे, खोटा नाही. २०१३ साली ६३ अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष, की बुद्धिमत्ता आणि धार्मिकता यांचं थोडं उलटं नातं दिसतं. थोडं. शिवाय बहुतेक अभ्यास अमेरिकेतले. आळंदीहून चालत निघालेल्या बाईला कुणी काही विचारलेलं नाही. ठीक आहे, कल आहे, मान्य करते. पण कल दाखवून समोर ताट घेऊन बसलेल्या आजीचा पाणउतारा करता येत नाही. माजच तो. शिकलेल्यांचा माज या राज्यात आधीच कमी नाही, त्यात ही आणखी एक सोवळ्याओवळ्याची उतरंड कशाला? वर नास्तिक, खाली अडाणी भाविक.

आणि आपण २० ऑगस्टला पुण्यात ज्या पुलावर जमतो ना दाभोलकरांसाठी, जिथे त्यांचा खून झाला, त्या पुलाचं नाव कधी नीट वाचलंय? महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पूल. प्रार्थना समाजाचा प्रचारक. ऑक्सफर्डला जाऊन धर्मांचा अभ्यास करून आला, तरी देवावरची श्रद्धा शाबूत, आणि १९०६ साली अस्पृश्यतेविरुद्ध मिशन काढून आयुष्य त्यात घातलं. मी इतकी वर्षं त्या पाटीखाली उभी राहून घोषणा देतेय, नि माझ्या डोक्यात हे आज आलं. दाभोलकर स्वतः तर कायम सांगायचे की अंनिसचं (त्यांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं) भांडण देवाधर्माशी नाही, फसवणुकीशी आणि शोषणाशी आहे. आपण ते वाक्य फक्त पत्रकार आले की काढतो.

असो. जास्तच तापले वाटतं. अंगारे-धुपारे आणि बुवाबाजी गोड मानून घ्या असं मी म्हणत नाहीये, आजही एखाद्या बाबाने माझ्या दारात पाऊल टाकलं तर तंगडं मोडेन.

भाच्याला उद्या फोन करून सांगणार आहे की आजीची माफी माग. तो म्हणेल, "मावशी, तूच तर म्हणायचीस." तेव्हा काय बोलायचं ते अजून सुचलेलं नाही.

ता. क. पोस्ट टाकायच्या आधी आईला वाचून दाखवली. मांजराच्या वाक्याला ती एवढी हसली की ठसका लागला. मग म्हणाली, "अगं, त्या दिवशी दूध नासलं होतं. तुझी आजी माजघरात बसलेली, तिला कळलं असतं तर दिवसभर ऐकून घ्यावं लागलं असतं. म्हणून तुला काहीतरी सांगून कटवलं. नाहीतर मी पण गेले असते की रांगेत."

म्हटलं, मग दुपारचा चहा कशाचा झाला?

"सरांच्या घरून कपभर आणलं मागून. त्यांच्या वाटीत उरलं होतं."